‘प्रभात’चे पांच भागीदार

‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ अशी एक म्हण आपल्याकडे फार जुन्या काळापासून चालत आली आहे. घोडें एकाचें असलें म्हणजे त्याच्या पाठीवरच्या जखमेकडे मालकाचें लक्ष असतें; तेंच चौघांच्या भागींत असलें म्हणजे प्रत्येकजण त्याच्यावर बसतो, परंतु औषध मात्र दुसऱ्यानें लावावें अशी वाट पाहतो. आमच्या सोनपेठसारख्या तालुक्याच्या गांवीं भागींतलें दुकान निघालें कीं पहिल्याच दिवशीं कोणी तरी वडीलधारा ही म्हण ऐकवितो, आणि पुढें तें दुकान मोडलें म्हणजे ‘मीं सांगितलें नव्हतें काय?’ असें म्हणून समाधान पावतो. या म्हणींत अनुभव आहे, हें कोण नाकारील?

परंतु म्हण म्हणजे सगळा इतिहास नव्हे. मराठी उद्योगाच्या इतिहासांत असेंही एक भागीचें घोडें होऊन गेलें, कीं जें तेरा वर्षें सारखें दौडत राहिलें आणि ज्याचा लौकिक सातासमुद्रांपलीकडे व्हेनिसपर्यंत पोंचला. तें म्हणजे कोल्हापुरास निघालेली आणि पुण्यास वाढलेली प्रभात फिल्म कंपनी. त्या कंपनीच्या चित्रपटांचें रसग्रहण जाणकारांनीं पुष्कळ केलें आहे. तें मला आज करावयाचें नाहीं. मला विचारावयाचें आहे तें एवढेंच, कीं वयानें, स्वभावानें, धर्मानें आणि हुन्नरानें एकमेकांपासून वेगळ्या असलेल्या पांच माणसांनीं एक लहानशी कंपनी काढली, तेव्हां त्यांच्या या वेगळेपणाचा तिच्या हातून झालेल्या नव्या कामाशीं कोणता संबंध होता? तें वेगळेपण केव्हां उपकारक ठरलें, आणि केव्हां घातक झालें? हा प्रश्न केवळ चित्रपटांचा नाहीं. आजही चार मित्र एकत्र येऊन लहानसा कारखाना, छापखाना किंवा दुकान काढतात, तेव्हां त्यांच्यासमोर पहिल्या वर्षीं नाहीं तरी पांचव्या वर्षीं तोच प्रश्न उभा राहतो.

या कथेचा आरंभ ‘प्रभात’च्याही अगोदर करावा लागतो. कोल्हापुरास बाबूराव पेंटर नांवाचे एक विलक्षण कलावंत होते. नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां त्यांना हलत्या चित्रांचें वेड लागलें. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हां त्यांनीं आपल्या हातानें कॅमेरा तयार केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारून १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढें आणला. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटानें तर कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याची कथा पडद्यावर आणिली. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या काळांत ही गोष्ट अगदीं नवी होती. त्या चित्रपटांतील तरुण शेतकऱ्याची भूमिका करणारा मुलगा म्हणजे शांताराम वणकुद्रे. ज्यांना पुढें सारा देश व्ही. शांताराम या नांवानें ओळखूं लागला.

त्याच कंपनींत विष्णुपंत दामले होते, शेख फत्तेलाल होते, केशवराव धायबर होते. बाबूराव हे खरे गुरु. त्यांच्या हाताखालीं ही माणसें पडदे रंगविण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सर्व कामें शिकलीं. पुढें गुरूनें त्यांना स्वतंत्र कामही दिलें. ‘नेताजी पालकर’ हा चित्रपट १९२७ सालीं शांतारामबापूंनीं केला, तर ‘महारथी कर्ण’ हा १९२८ सालीं दामले व फत्तेलाल यांनीं केला. परंतु गुरूचें घर कितीही मोठें असलें तरी तें गुरूचेंच घर असतें. तेथें शिष्याला शिकतां येतें, सेवा करतां येते, क्वचित् कौतुकही पदरीं पडतें. पण गुरूच्या बेताला ‘हें बरोबर नाहीं’ असें बरोबरीच्या नात्यानें म्हणतां येत नाहीं. महाराष्ट्र फिल्म कंपनींत प्रतिभा होती ती एका माणसाची. तिची चाल जलद वा सावकाश व्हावयाची ती त्या एका माणसाच्या चालीनें. शिष्य बाहेर पडले, याचें मूळ मला या गोष्टींत दिसतें.

१ जून १९२९ रोजीं कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे कलेचे भागीदार. पांचवे सीतारामपंत कुलकर्णी हे कोल्हापूरचे सराफ. त्यांनीं भांडवलाचा भार उचलला. एका स्त्रीनें तुतारी फुंकून पहाट झाल्याचें सांगावें, असें या कंपनीचें बोधचिन्ह होतें, आणि तें महाराष्ट्राच्या स्मरणांत आजही आहे.

आतां हे पांचजण कसे होते तें पाहूं. फत्तेलाल हे कागलचे, जन्म १८८६ चा; स्टुडिओंतील सर्व मंडळी त्यांना साहेबमामा म्हणत. चित्रकार आणि मूर्तिकार असा त्यांचा दुहेरी हात. देऊळ, वाडा, झोंपडी, राजसभा, कोणतेंही स्थळ त्यांनीं लांकूड, कापड आणि प्लॅस्टर यांतून असें उभें करावें कीं पाहणाऱ्यानें तेथें जाऊन टेकावें. दामले हे पेणचे, जन्म १८९२ चा. यंत्राची जाण, मोजकें बोलणें आणि शिस्त हा त्यांचा स्वभाव. फत्तेलाल व दामले यांची मैत्री इतकी दाट होती, कीं लोक त्यांचीं नांवें जोडूनच घेत. धायबर हे कॅमेऱ्याचे उस्ताद. शांतारामबापू हे या मंडळींत वयानें लहान, १९०१ चा जन्म; लहानपणीं गंधर्व नाटक मंडळींत राहून आलेले; डोक्यांत सदैव नवी कल्पना, आणि ती आजच्या आज पडद्यावर यावी ही तांतड. आणि कुलकर्णी हे हिशेबी सराफ. पैसा कोठून येतो व कोठें जातो हें पाहणारे. एक मुसलमान आणि बाकीचे अन्यधर्मी, एक चाळिशी ओलांडलेला आणि एक अठ्ठाविशींतला, एक अबोल आणि एक उतावळा, अशी ही मोट होती.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं या पांचांत एकाचें काम दुसऱ्याला पूर्णपणें येत नव्हतें. तरी कलेच्या चौघांना एकमेकांचें काम समजत मात्र होतें, कारण ते एकाच गुरूच्या हाताखालीं वाढले होते. वेगळेपण आणि समजूत या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं असणें दुर्मिळ असतें. सगळे एकाच हुन्नराचे असले तर एकमेकांचे स्पर्धक होतात. सगळे अगदीं परके असले तर एकमेकांची भाषाच त्यांना कळत नाहीं. ‘प्रभात’मध्यें दिग्दर्शकाला वाटलें कीं अमुक दृश्य असें घ्यावें, तर तें कॅमेऱ्याला शक्य आहे कीं नाहीं हें सांगणारा माणूस नोकर नव्हता, भागीदार होता. देखावा उभा करणारा भागीदार होता; ध्वनीचें यंत्र सांभाळणारा भागीदार होता; खर्चाचा आंकडा पुढें ठेवणाराही भागीदारच होता. म्हणजे प्रत्येक नव्या कल्पनेला चार ठिकाणीं ‘नाहीं’ ऐकण्याची तयारी ठेवावी लागे, आणि तें ‘नाहीं’ म्हणणाऱ्याला नोकरी जाण्याचें भय नव्हतें. नव्या कल्पनेला यामुळें अडथळा होतो असें वरवर वाटेल. परंतु इतिहास असें सांगतो कीं ‘प्रभात’मध्यें नवें काम झालें तें याच काळांत, आणि सर्वांत अधिक झालें.

मूकपटांपासून आरंभ झाला. १९२९ चा ‘गोपाळकृष्ण’ हा पहिला. १९३० सालीं शिवचरित्रावर जो मूकपट निघाला, त्याचें मूळ नांव ‘स्वराज्याचें तोरण’ असें होतें. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द सोसला नाहीं आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नांवानें लोकांपुढें आला. इतक्यांत १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट लागला, आणि मूकपटांच्या सर्व कंपन्यांच्या पायांखालची वाळू सरकली. पुष्कळ कंपन्या त्या धक्क्यांत बुडाल्या. ‘प्रभात’नें मात्र एक वर्ष उलटण्याच्या आंत, १९३२ च्या फेब्रुवारींत, ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला, आणि तोच चित्रपट हिंदींतही केला. दुर्गाबाई खोटे तारामतीच्या आणि गोविंदराव टेंबे हरिश्चंद्राच्या भूमिकेंत होते. संगीतही टेंबे यांचेंच.

हें इतक्या त्वरेनें कसें साधलें? आवाज आला म्हणजे चित्रपटाचें सारें शास्त्रच बदललें. कॅमेऱ्याची घरघर ऐकूं येतां कामा नये, नट हलला तरी आवाज क्षीण होतां कामा नये, भिंतीचा प्रतिध्वनि उठतां कामा नये. दिग्दर्शकाला एकट्याला हें सर्व शिकत बसावें लागलें असतें, तर चित्रपटाला कोण पाहणार? ‘प्रभात’मध्यें ध्वनिलेखनाचें काम दामल्यांनीं आपल्या अंगावर घेतलें. यंत्रावर प्रेम करणारा एक भागीदार अगोदरच घरांत होता, म्हणून नवें यंत्र आलें तेव्हां कंपनीला परक्याच्या तोंडाकडे पाहावें लागलें नाहीं. वेगळेपणाचा हा पहिला उपकार.

सर्वच प्रयोग साधले असें नव्हे. १९३३ सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करावा असें ठरलें. त्याच्या प्रती जर्मनींत तयार करविल्या. त्यासाठीं शांतारामबापू स्वतः जर्मनीस गेले. परंतु रंग मनासारखे उतरले नाहींत, आणि हा महागडा प्रयोग फसला. एका माणसाच्या कंपनींत असा एक फसलेला प्रयोग तिला बुडविण्यास पुरेसा होतो. पण ज्या वर्षीं हा प्रयोग फसला त्याच वर्षीं कंपनीनें कोल्हापूर सोडून पुण्यास मोठा स्टुडिओ उभारला, आणि दुसऱ्याच वर्षीं, १९३४ सालीं, तेथून ‘अमृतमंथन’ बाहेर पडला. त्या चित्रपटांत राजगुरूच्या एका डोळ्यानें सगळा पडदा व्यापलेला दाखविला आहे. चंद्रमोहन या नटाचा तो डोळा ज्यांनीं पाहिला ते विसरले नाहींत. कल्पना शांतारामांची, छायालेखन धायबरांचें, देवीच्या मंदिराचा तो भयाण देखावा फत्तेलालांचा. यांतील कोणता एक हात काढून घेतला तर तो चित्रपट उभा राहिला असता?

आतां मी या कथेच्या मध्यावर येतों. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत ‘प्रभात’च्या एकाच आवारांतून दोन चित्रपट निघाले. पहिला ‘संत तुकाराम’, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. दुसरा ‘कुंकू’, दिग्दर्शक शांताराम. दोहोंचा छायालेखक एकच, व्ही. अवधूत, दोहोंचे संगीतकार एकच, केशवराव भोळे. परंतु दोन चित्रपटांत जमीनअस्मानाचें अंतर!

‘संत तुकाराम’ साधेपणानें सांगितलेला आहे. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेल्या विष्णुपंत पागनिसांना तुकोबांची भूमिका दिली, आणि गौरी यांना जिजाईची. या चित्रपटांत संताच्या भक्तीइतकीच त्याच्या बायकोची चूल महत्त्वाची आहे. म्हैस आहे, उपाशीं पोरें आहेत, देवाला शिव्या देणारी आणि तरीही नवऱ्यासाठीं भाकरी घेऊन डोंगर चढणारी जिजाई आहे. शांताराम आठवले यांनीं या चित्रपटासाठीं रचलेलें एक पद पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटलें, यावरून या मंडळींची तन्मयता कळावी. मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

‘कुंकू’ हा याच्या अगदीं उलट. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला. बापाच्या वयाच्या माणसाशीं फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला शेवटपर्यंत मान तुकवीत नाहीं. शांता आपटे यांनीं नीरा आणि केशवराव दाते यांनीं तो म्हातारा वकील उभा केला. सबंध चित्रपटांत पार्श्वसंगीत नाहीं. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, रस्त्यावरची हांक, अशा खऱ्या आवाजांतूनच प्रसंग उभे राहतात. बोलपटाला अवघीं पांचसहा वर्षें झालीं असतां, गाण्याबजावण्याच्या मोहांतून इतकें बाहेर पडणें हें मोठें धाडस होतें.

एक चित्रपट विठ्ठलाच्या श्रद्धेंत रमलेला, दुसरा रूढीशीं भांडणारा. एक खेड्यांतला, दुसरा शहरांतला. एकांत कॅमेरा स्वतःला विसरतो, दुसऱ्यांत तो प्रत्येक क्षणीं बोलतो. भागीदारांच्या अभिरुचींत भेद पडला होता, हें यावरून उघड आहे. आणि तरी तो भेद त्या वेळीं कंपनीला बाधला नाहीं. उलट एका कंपनीच्या दोन कंपन्या झाल्यासारखें झालें. १९३८ चा ‘गोपालकृष्ण’ व १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’ एका बाजूनें, १९३९ चा ‘माणूस’ व १९४१ चा ‘शेजारी’ दुसऱ्या बाजूनें, असे चित्रपट एकाच स्टुडिओंतून येत राहिले. माझ्या मतें ‘प्रभात’चें खरें वैभव हेंच. या लोकांनीं मतभेद मिटविला नाहीं. त्याला दोन खोल्या दिल्या, आणि अंगण एकच ठेवलें.

मग हें अंगण मोडलें कसें? येथें आपल्या नाटक मंडळ्यांचा इतिहास आठवतो. १९१३ सालीं बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनीं किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. एक गळा, एक संगीत रचणारा, एक गद्याचा कसलेला नट. याहून चांगला त्रिवेणीसंगम कोणता? परंतु टेंबे दोनतीन वर्षांतच निघून गेले, पुढें बोडसही गेले, आणि मंडळी एका बालगंधर्वांच्या नांवावर राहिली. त्या अलौकिक कलावंताच्या औदार्याला आणि हौसेला ‘पुरे’ म्हणणारा बरोबरीचा माणूस मंडळींत उरला नाहीं, आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. हेच बालगंधर्व १९३५ सालीं ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटांत एकनाथांच्या भूमिकेंत आले होते. आणि टेंबे यांनीं तर ‘प्रभात’च्या पहिल्या बोलपटांत काम केलें होतें. नाटक मंडळ्या कशा फुटतात याचीं जिवंत उदाहरणें ‘प्रभात’च्या भागीदारांच्या डोळ्यांसमोर वावरत होतीं. तरी जें व्हावयाचें तें टळलें नाहीं.

प्रथम धायबर गेले. १९३६ सालीं त्यांनीं ‘रजपूत रमणी’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, आणि त्यानंतर ते कंपनींतून बाहेर पडले. मग १९४२ सालीं शांतारामबापूंनीं ‘प्रभात’ सोडली. या फुटीच्या कारणांविषयीं ज्या त्या पक्षाच्या आठवणी निरनिराळ्या आहेत; घरगुती गोष्टी, मानपान, पैसा, अधिकार, सर्वांचा त्यांत उल्लेख येतो. कोणाच्या पदरीं किती दोष घालावा हा न्यायनिवाडा करण्याचें मला प्रयोजन नाहीं. मला दिसतें तें एवढें, कीं भांडणाचा विषय बदलला. ‘हें दृश्य कसें घ्यावें’ या प्रश्नावर भांडण होतें तोंवर प्रत्येक भांडणांतून चित्रपट सुधारत होता. ‘ही कंपनी कोणाची’ या प्रश्नावर भांडण सुरू झालें तेव्हां त्यांतून सुधारण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. कारण त्या प्रश्नाला एकच उत्तर असतें, आणि तें मिळालें म्हणजे बाकीच्यांना उठून जावें लागतें. दैवाची विचित्र गति अशी, कीं शांतारामांनीं ‘प्रभात’साठीं केलेला शेवटचा चित्रपट ‘शेजारी’ हा, एक हिंदु आणि एक मुसलमान अशा दोन जिवलग शेजाऱ्यांमध्यें बिघाड कसा होतो आणि मरणाच्या क्षणीं ते कसे एक होतात, याचीच कथा सांगतो.

पुढें काय झालें? शांतारामबापूंनीं मुंबईस राजकमल कलामंदिर काढलें. १९४३ सालीं ‘शकुंतला’ आला, १९४६ सालीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’. ‘सैरंध्री’च्या वेळीं जो रंग हातीं लागला नव्हता तो १९५५ सालच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटांत त्यांनीं मनसोक्त उधळला. म्हणजे एकटा माणूस नवें कांहीं करूंच शकत नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. प्रतिभावंत एकटाही चालतो. पण ‘राजकमल’ हें एका माणसाचें राज्य होतें. त्यांतील वैभव त्या माणसाचें, आणि जेथें अतिरेक झाला तेथें तोही त्याचाच. रंगाच्या आणि नृत्याच्या त्या पुरांत एखाद्या दामल्यांनीं ‘इतकें नको’ म्हटलें असतें तर बरें झालें असतें, असें मला त्या काळचे कांहीं चित्रपट पाहतांना वाटत आलें आहे.

इकडे ‘प्रभात’ची दशा पाहा. १९४४ सालचा ‘रामशास्त्री’ हा गुणानें थोर चित्रपट. परंतु तो पुरा होईपर्यंत राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार अशा तिघांच्या हातांतून गेला. पूर्वी तीन मतें एका चित्रपटांत नांदत होतीं. आतां एका चित्रपटाला तीन माणसें बदलावीं लागलीं. ५ जुलै १९४५ रोजीं दामले वारले. १९४६ च्या ‘हम एक हैं’ या चित्रपटांत देव आनंद हा नवा नट प्रथम दिसला. नव्या माणसाला संधि देण्याची ‘प्रभात’ची संवय अजून सुटली नव्हती. १९४९ सालीं ‘संत जनाबाई’ निघाला. जनाबाई म्हणजे आमच्या सोनपेठच्या शेजारच्या गंगाखेडची. तेव्हां त्या चित्रपटाविषयीं आम्हां गोदाकांठच्या लोकांना आपुलकी असणें साहजिक आहे. तरीही प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, संतपटाचा जो सांचा १९३६ सालीं नवा होता तोच १९४९ सालीं पुन्हां वापरला होता. नवें करणारीं माणसें गेलीं, म्हणजे जुन्या यशाची नक्कल करणें एवढेंच हातीं राहतें. १९५३ सालीं कंपनी बंद पडली. त्याच जागेवर १९६० सालीं सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली, आणि त्या स्टुडिओंत नव्या पिढ्या शिकल्या, एवढेंच त्यांतल्या त्यांत समाधान.

या कथेशीं ताडून पाहण्यासाठीं दुसरें एक मराठी घर घेऊं. तें म्हणजे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद ओळखूं येईना म्हणून ती विद्या सोडून ते यंत्रांकडे वळले. बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळावर १९१० सालीं त्यांनीं वाडी वसविली आणि लोखंडी नांगर घडविले. लोखंडानें जमीन नासते, या समजुतीमुळें शेतकरी आरंभीं त्या नांगराला हातही लावीत ना. लक्ष्मणराव यंत्रांत बुडालेले, तर त्यांचे वडीलबंधू रामूअण्णा माणसांत आणि व्यवहारांत. पुतणे शंकरराव यांचा ओढा तर भलतीकडेच, चित्रांकडे आणि लेखनाकडे. दुसऱ्या एखाद्या कारखान्यांत अशा मुलाला ‘नांगराच्या धंद्यांत तुझें काय काम?’ असें विचारलें असतें. येथें मात्र त्याच्या त्या वेगळ्या ओढींतून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ हें कारखान्याचें पत्रक निघालें, आणि त्याचेंच पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं मासिकें त्याच माळावरून निघालीं. आपल्यापैकीं किती घरांत तीं वाचलीं गेलीं असतील! नांगराच्या कारखान्यानें मराठी घरांना मासिकें द्यावींत, ही गोष्ट एकाच मताच्या माणसांकडून कधींच झाली नसती. पुढच्या पिढींत कर्तबगार माणसें वाढलीं तेव्हां एकाच वाडींत दाटी न करतां हरिहरास, पुण्यास, बंगळुरास नवे कारखाने निघाले. येथें घर जुनेंच राहिलें, आणि वेगळेपणाला नव्या खोल्या मिळाल्या. ‘प्रभात’नें हाच उपाय १९३६ ते १९४१ पर्यंत अजाणतां केला होता, तो कायमच्या व्यवस्थेंत बांधून ठेवला नाहीं.

कोणी म्हणेल, किर्लोस्करांचें कुटुंब एक होतें, म्हणून तें जमलें. यांत तथ्य आहे. रक्ताचें नातें माणसाला भांडून पुन्हां जेवावयास एकत्र बसवितें. भागीदाराला तशी सक्ति नसते. परंतु त्याच कारणासाठीं भागीदारांनीं अधिक सावध राहावयास हवें. भाऊबंदकीनें मोडलेलीं घरेंही आपल्याकडे थोडीं नाहींत. तेव्हां केवळ रक्तानें सर्व कांहीं सांभाळलें जातें असेंही नाहीं.

श्रोतेहो, एवढ्या इतिहासांतून लहान उद्योग काढणाऱ्यानें काय घ्यावें? मोठ्या कंपनींत दहा विभाग असतात. एका विभागांतील माणसांचें पटलें नाहीं तरी बाकीचें गाडें चालतें. लहान कंपनींत मात्र चारपांच माणसें म्हणजेच सारी कंपनी. त्यांच्या स्वभावाचा प्रत्येक कंगोरा मालावर उमटतो. सर्वजण एकाच वळणाचे घ्यावे तर भांडण होणार नाहीं, पण नवेंही कांहीं होणार नाहीं. निरनिराळ्या वळणाचे घ्यावे तर नवें होईल, पण त्याची किंमत द्यावी लागेल; आणि ती किंमत म्हणजे रोजची चर्चा, रोजची माघार, आपल्या आवडत्या कल्पनेला दुसऱ्यानें लावलेली कात्री. ही किंमत देण्याचें ज्या दिवशीं जिवावर येतें, त्या दिवशीं भागीदारी संपली असें समजावें, मग कागदावर ती आणखी दहा वर्षें कां असेना.

म्हणून ज्यांना चारचौघांत मिळून कांहीं उभें करावयाचें असेल, त्यांनीं पहिल्या दिवशींच तीन गोष्टी ठरवाव्या. कोणत्या कामांत कोणाचा शब्द शेवटचा, हें नेमावें. म्हणजे यंत्राविषयीं यंत्र जाणणाऱ्याचा आणि पैशाविषयीं हिशेब ठेवणाऱ्याचा. कामाचें भांडण आणि मालकीचें भांडण यांचीं बैठकस्थानें वेगळीं ठेवावीं. आणि एखाद्याची उडी घराबाहेर जाऊं लागली, तर त्याला हांकलून न देतां आणि कोंडूनही न ठेवतां, त्याच घराच्या नांवानें नवी खोली बांधून द्यावी. हें ‘प्रभात’च्या थोर माणसांना पूर्णपणें साधलें नाहीं, म्हणून आपल्याला साधणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापाशीं पुढचें कोणी उदाहरण नव्हतें. आपल्यापाशीं त्यांचें आहे.

आरंभीं जी म्हण सांगितली तिच्यांतील शहाणपण मी अमान्य करीत नाहीं. मात्र तें घोडें मालक चार होते म्हणून मेलें नाहीं. त्याच्या पाठीची जखम चौघांनाही दिसत होती, आणि ती दुसऱ्याची आहे असें प्रत्येकाला वाटत होतें, म्हणून मेलें.